मागची भिंत

बडनेरा, जुनी वस्ती
दि. १४ मे २००६, रविवार

चि. सौ. आचल,

बाबाचा आशीर्वाद. आमी दोघं बरे आहो. तू, जावईबापू अन् अकोल्याची मंडळी बरी असान. इकडे ऊन लय हाय. नळ तिसऱ्या दिवशी येते. तुझ्या आईनं लिंबाचं लोणचं घातलं, कडू झालं, पण मले चांगलंच म्हणा लागते.

काम हे की तू बाळंतपणाले बावीस तारखेले येऊन राहिली, ते येऊ नको. उन्हात पॅसेंजरनं हाल होईन. पाणी नाई. दवाखानेही अकोल्याचेच चांगले.

तू म्हणशीन, बाबा, पहिलं बाळंतपण माहेरीच असते, यासाठीच तं तुमी घर घेतलं. घेतलं. रिटायर झालो, क्वार्टर सुटलं, म्हून घेतलं. हे फोनवर सांगितलं असतं, पण एसटीडीवाल्याच्या दुकानात मागं चार जण कान देऊन उभे रायते. अन् तुझी आई बाजूले असते. तिले काही माहीत नाई.

लांबण लावत नाई. तुझ्यासाठी केलेल्या खोलीची मागची भिंत फाटली हाय. मागच्या पत्रात खोली पक्की झाली असं लिहिलं, ते खोटं.

घर मी श्रावणात पायलं. जिनिंग बंद पडलं, तठचा मुनीम घाईनं विकून राहिला होता, स्वस्त भेटलं. काळ्या मातीतलं घर उन्हाळ्यात पाहा लागते. पावसात माती फुगते, भेग मिटते. वरून त्यानं चुना मारला होता. पण मी तीस वर्षं रेल्वेत चाबीवाला. रोज रुळावर हातोडा मारायचा अन् आवाज ऐकायचा, हेच काम केलं. त्या भिंतीवर बोटानं ठोकलं अन् मले समजलं. घरी सांगितलं नाई. भाव चांगला होता.

बँकेले मात्र सांगितलं. घराचं कर्ज वेगळं, दुरुस्तीचं वेगळं. दुरुस्तीचे पैसे अर्धे आधी देते. पायवा खोदून मुरूम भरला, हे साहेबानं डोळ्यानं पायलं की मंग बाकीचे. त्या अर्ध्यात मी समोरची फरशी केली अन् लोखंडी गेट केलं. काहून? तुझ्या डोहाळजेवणाले उत्तमराव व्याही येणार होते. तुझ्या लग्नात ते म्हणे, "महादेवराव, तुमचं घर तं रेल्वेचं. एक दिवस शिट्टी वाजन अन् निंघून जाईन." सारा मांडव हासला. मीही हासलो.

तुझ्या सासऱ्यानं फरशीबाहेर चप्पल काढली, म्हणे, "वा." बस, एवढंच.

डोहाळजेवण करून तू अकोल्याले परत गेली अन् बाहेरच्या अंगानं भेग उघडली, आतून अजून दिसत नाई. आधी बोट जाये, मंग हात जाये. अब्दुल गफ्फार मिस्त्रीले बोलावलं. म्हटलं, वरून प्लास्टर मार, बँकेचा साहेब येणार हाय, बाकीचे पैसे भेटले की पायवा करू. तो म्हणे, "दादा, साहेबाले दाखवाचं प्लास्टर मी नाई मारत. अंदर बच्चा सोयेगा." मंग त्यानं भेगीवर आडवी काचेची पट्टी ठेवली, दोन टोकं सिमेंटनं चिपकवली. म्हणे, "काच सलामत तं भिंत उभी. तुटली तं खोली खाली करा." मजुरी नाई घेतली.

रोज सकाळी मागं जाऊन काच पाहून राहिलो. तुझी आई म्हणते, "म्हातारपणी आरसा काहून पाहता?" तिनं तुझी खाट त्याच भिंतीले लावली, थंड लागते म्हून. मी खाट ओढतो, ती पुन्हा लावते. दुपारी तठीच लवंडते. मी ओट्यावर बसून रायतो. मालगाडी गेली की भांडे वाजते अन् मी उठून काच पाहून येतो.

आज सकाळी काच मधातून तुटली.

पोरी, रूळ तुटलेला दिसला की लाल झेंडी घेऊन गाडीच्या तोंडाकडे पळा लागते. तीस वर्षांत मी एकदाही चुकलो नाई. ह्या बारीले झेंडी खिशात ठेवून महिनाभर बसलो. व्याह्यापुढं नाक कापलं जाईन म्हून.

हे पत्र तुझ्या सासऱ्याले वाचून दाखव. पुरं वाच, फरशीचंही. हासले तं हासू दे. म्हणाव, बाळंतपण तुमच्याच घरी होऊ द्या, खर्च माहा, अन् तुझी आई येऊन राईन तुझ्यापाशी. परवा साहेब आला की त्याले तुटलेली काच दाखवतो. बाकीचे पैसे नाई देले तं नाई देले. गेट विकीन.

पत्र आताच पेटीत टाकणार होतो. पण दुपारचे दोन वाजले, मालगाडीची वेळ हाय, अन् तुझी आई आत त्याच खाटेवर निजली हाय. पत्र मंग टाकीन. आधी तिले उठवतो.

ड्युटीच्या वहीत लिहायचो, तेच लिहितो: पाहणी केली. लाइन खराब. गाडी आणू नये.

महादेव, चाबीवाला
तुझा बाबा