रस्ता मागून जाऊ दे

३ फेब्रुवारी १९९१

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

आम्ही ठीक. ह्यांची कंबर धरली आहे, पण लाँड्री बंद ठेवायचं नाव नाही. काल गल्लीत तुमच्या कार्यालयाचा आराखडा लावला. नवा रस्ता आमच्या पुढच्या खोलीतून जातोय! काउंटर, इस्त्रीचं टेबल, सगळं त्या रेघेखाली.

तू तिथेच नकाशे काढतोस ना? मग ती रेघ जरा घरामागच्या दलदलीवर सरकव. तिथे डास आणि बेडकांशिवाय राहतं कोण? सख्ख्या बहिणीसाठी एवढं करशीलच. माया आहे तशी ठेव.

तुझी ताई

१४ फेब्रुवारी १९९१

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. रेघ सरकवणं माझ्या हातात नाही, मी नुसता काढणारा. हरकत घेणं मात्र तुझा हक्क आहे. पण ताई, रस्ता दलदलीवर मागू नकोस. आमच्या लोकांनी मोजणी भर उन्हाळ्यात केली, जमीन कोरडी दिसली आणि नकाशावर ‘पडीक’ म्हणून चढली. पावसाचं पाणी तिथेच तर साठतं आणि मुरत मुरत तुझ्या विहिरीत येतं. भराव पडला की विहीर गेलीच समज, आणि तिच्याबरोबर कपडे धुवायचं मऊ पाणीही.

त्यापेक्षा भरपाई घे आणि काउंटर मागच्या खोलीत हलव. भावोजींशी बोलून बघ. राग आला तरी लोभ असू दे.

तुझा ठोंब्या

२ मे १९९१

चि. ठोंब्यास आशीर्वाद, रागावले असले तरी.

स्वतःचं घर तुटत नसलं की असले सल्ले बरे सुचतात. सुनावणीला अख्खी गल्ली नेली मी. तुमच्या साहेबांना ठणकावून सांगितलं की रस्ता मागून जाऊ दे, तिथे कोणाचं काही जात नाही. त्यांनी नकाशा पाहिला, पडीकच आहे म्हणाले आणि मान्य केलं! गल्लीत माझा भाव काय वधारलाय म्हणून सांगू. हे मात्र रोज विहिरीत डोकावून येतात. विहिरीचं तुझं म्हणणं त्यांना पटलं होतं म्हणे. आता बोलून काय उपयोग?

एकदा येऊन जा. तुझ्या शर्टांना कडक इस्त्री करून देते. भांडले म्हणून विसरू नकोस.

तुझी ताई

१८ मार्च १९९३

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

‘मी सांगितलं होतं’ असं लिहू नकोस, एवढं एक कर.

भराव पडला, रस्ता झाला. गेल्या पावसाळ्यात पाण्याला मुरायला जागाच नव्हती, ते रस्त्यावरून धावत खालच्या वस्तीत शिरलं. तिथल्या शिंपीणबाईंचं मशीन चिखलात गेलं. त्यांच्या दारावरून जायची मला लाज वाटते.

आणि आता आमच्या विहिरीत बादली सोडली की तळाच्या दगडावर आपटते. नळाच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, चादरी पिवळट आणि राठ निघतात. हॉटेलवाल्यांनी कपडे दुसरीकडे द्यायला सुरुवात केली. हे सकाळी काउंटरवर बसतात ते दुपारपर्यंत तसेच. एका शब्दाने मला बोलत नाहीत, आणि तेच मला सहन होत नाही.

खोली शाबूत आहे रे, पण करू काय तिचं? तो रस्ता उखडा आणि आमच्या दारातून न्या, खोली मी माझ्या हाताने रिकामी करून देते. सुनावणी परत घेतात का? माझ्या हरकतीवर मीच हरकत घेईन. अर्ज कोणाच्या नावाने लिहायचा, तेवढं लगेच कळव. हट्टी बहिणीवरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी ताई