दूर गेलेले खंड

रविवार, ता. १४, रात्र

लाडक्या ठकीस,

पोटभर आशीर्वाद.

पत्र मिळालं. त्या थंडीत तू कान उघडे टाकून हिंडतेस, हे तू लिहिलं नाहीस, पण फोटोत दिसलं. मी खुशाल आहे. गुडघा कुरकुरतो, पण कामावर जाते.

आमच्या संग्रहालयात पृथ्वीचं नवं दालन उघडलंय. जमिनीवर भलामोठा समुद्र रंगवलाय आणि त्यावर सरकवता येणारे लाकडी खंड. शाळांच्या सहली आल्या की मी सांगते, एके काळी सगळी जमीन एकाच ठिकाणी होती, मग ती फाटली, आणि आपली नखं वाढतात तेवढ्या हळू अजून सरकतेय. मुलं लगेच आपापली नखं बघतात. परवा एकीने विचारलं, "मग माझी परदेशातली मावशी आणखी लांब चाललीय?" म्हटलं, "चाललीय, पण विमानाला कळणारसुद्धा नाही."

तुझं तिकीट काढू का, असं तू विचारलंस. त्यावर येते. आधी हे ऐक.

गेल्या महिन्यात एक सहल परत गेली आणि मी खंड पुसत बसले होते. मागून कुणीतरी विचारलं, "दूर गेलेले पुन्हा जवळ येतात का?"

मी वर न बघता म्हटलं, "येतात. पण आदळतात. जमीन चुरगळते, डोंगर उभे राहतात."

"वेळ लागत असेल."

"लागतो," म्हटलं, आणि तेव्हा आवाज ओळखला.

तुझे बाबा होते. तू आठवीत असताना घर सोडून गेले, ते आत्ता दिसले. केस गेलेत, काठी आलीय. घरी या, असं मी म्हटलं नाही. कॅन्टीनमध्ये चहा पाजला. मग ते दर आठवड्याला येऊन मागच्या बाकावर बसायला लागले. एकदा आले नाहीत, तेव्हा मीच पत्ता काढून गेले. भाड्याच्या खोलीत तापाने फणफणले होते, पाणी द्यायलाही कुणी नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, आता एकट्याने राहायचं नाही.

मी त्यांना घरी आणलंय, ठकी. तुझ्या खोलीत झोपतात. तुझं एकही पुस्तक हलवलेलं नाही.

माफ केलं का, विचारशील. नाही. परवा सूप देता देता माझा तोल गेला आणि इतक्या वर्षांचं सगळं बाहेर पडलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "अजून असेल तर बोल." म्हटलं, "आहे, पण सूप निवतंय." दोघांनाही हसू आलं. हसल्याचा मला रागही आला.

म्हणून या उन्हाळ्यात मला येता येणार नाही. तिकीट काढू नकोस. तुझ्याकडे यायला जीव किती ओढतो, ते लिहीत बसले तर हे पत्र टाकायचं राहून जाईल.

त्यांच्याशी बोल, असं मी म्हणणार नाही. दुखणं तुझं आहे, तूच ठरव. रोज सकाळी ते विचारतात, "ठकी काय म्हणते?" मी म्हणते, "बरी आहे." तेवढ्यावर त्यांचा दिवस जातो. काल म्हणाले, "पत्रात माझं नाव घालू नकोस, ती पुढे वाचणार नाही."

तू इथवर वाचलंस, हे मी त्यांना सांगू का?

तुझीच,
आई
आणि भिंतीपलीकडे जागे असलेले तुझे बाबा