पन्नास फुलपाखरांचा अल्बम

३ मार्च, सकाळी ६.२०
आजपासून रोजनिशी. आणि फुलपाखरं.
ही बहिणीकडे गेली त्याला सोळा दिवस झाले. किती दिवसांसाठी, ते विचारायचं राहून गेलं. चारेक दिवस असावेत. शिलाईमशीन सोबत नेलंय. तिकडे उजेड चांगला असेल. जाताना दारात म्हणाली की सव्वीस वर्षांत तुम्हाला शेजारचं माणूस कधी दिसलंच नाही. जिव्हारी लागायला हवं होतं, पण चहा उतू जात होता.
योजना: दर रविवारी गावाबाहेर, शेतांच्या बांधांवरून फिरायचं. मेअखेर पन्नास जातींच्या फुलपाखरांचे फोटो. जाड कागदाचा अल्बम. ही परत आली की समोर ठेवायचा. आपल्याला दिसतं, हे तिला कळेल. मग कशाला जातेय परत!

५ मार्च
कॅमेरा आला. माहितीपुस्तिका २१४ पानी. एकोणिसाव्या पानापर्यंत पोचलो, बाकीचं अनुभवाने येईल. फुलपाखरांचं पुस्तकही घेतलं. पहिल्याच पानावर एक काळं-पिवळं, खाली लिहिलंय ‘सर्वत्र आढळते’. सुरुवात त्यानेच करू. पुढचा अर्धा भाग अळ्या आणि कोशांचा आहे, तो वाचणार नाही. आपल्याला तयार मालाशी मतलब.

८ मार्च, रविवार
पाचचा गजर लावला होता. उठलो साडेनऊला. फुलपाखरांनाही ऊन चढल्यावरच जाग येते असं ऐकून आहे.
बांधावर एक फुलपाखरू अगदी पाच फुटांवर बसलं. लेन्सचं झाकण काढायचं राहिलं होतं. काढेपर्यंत कुठलं थांबतंय. शेळ्या चारणाऱ्या एक आजी हे सगळं बघत होत्या. काही हरवलंय का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटलं.
फोटो ३१. फुलपाखरं ०. फुलं मात्र छान आलीत. फुलं हलत नाहीत.

११ मार्च, संध्याकाळ
गॅलरीत हिच्या कागदी लिंबाच्या कुंडीवर अळ्या! अकरा मोजल्या. पानांची चाळणी झालीय. जाताना ही या कुंडीबद्दल काहीतरी सांगत होती, मी हं म्हटल्याचं आठवतं. काळजी घ्या, असंच असणार. लगेच दुकानातून औषध आणून फवारलं. एक उरली नाही.
कुणी न सांगता, आपणहून केलं, याची इथे नोंद असावी.

१५ मार्च, रविवार
आठ किलोमीटर चाललो. ‘सर्वत्र आढळते’ कुठेच आढळलं नाही. आजी पुन्हा भेटल्या. त्यांना पुस्तकातलं चित्र दाखवलं. घरी लिंबाचं झाड आहे का, असं त्यांनी विचारलं. आहे, कुंडीत, उत्तम निगा राखलीय, असं सांगितलं. मग इथे कशाला पाय मोडतोस बाबा, असं म्हणून त्या शेळ्यांमागे गेल्या.
लोकांना छंद म्हणजे काय तेच कळत नाही.

१९ मार्च
लेकीचा फोन. आईशी बोललात का, असं विचारत होती. रेंज नसते म्हटलं. महिनाभर? असं म्हणाली. मग मी तिला लेन्सची माहिती दिली.
ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर दिवसभर शिक्के मारले. दुपारी जेवलो का ते आठवत नाही. घरी आल्यावर बूट न काढता खुर्चीत बसलो, उठलो तेव्हा अंधार पडला होता. वाईट वगैरे वाटत नाही. काहीच वाटत नाही. म्हणजे बरंच चाललंय.

२२ मार्च, रविवार
ढगांमुळे गेलो नाही. ढग दुपारी आले, पण आले.
कुंडीतल्या आधाराच्या काठीला एक वाळकं पान चिकटलंय. काढायचा कंटाळा केला.

३० मार्च
काल ओढ्यात पडलो. कॅमेरा वर धरला म्हणून वाचला. गुडघा वाचला नाही. एकूण फोटो ४१२, फुलपाखरं एक, बहुधा. ऑफिसातल्या टायपिस्टबाईंना दाखवलं. ते पान आहे असं त्या म्हणाल्या.
पन्नास हा आकडा उगाच मोठा होता. दहा पुरेत. पाचही चालतील. दर्जा महत्त्वाचा.

३ एप्रिल
हिचा फोन! रविवारी येते म्हणाली. पुढेही बोलत होती, उरलेलं सामान, साडूभाऊ, गाडी वगैरे. मी हं हं करत होतो. येते, हे मुख्य. अल्बम उद्याच छापून घेतो.
छातीत काहीतरी हललं. ॲसिडिटी असावी. नाही, आनंद झाला. खूप झाला. लिहून ठेवतो.

५ एप्रिल, रविवार
नऊला आली. साडूभाऊ खाली गाडीतच बसून राहिले. हिने कपाटातले उरलेले कपडे दोन बॅगांत भरले. मी अल्बम पुढे केला. तिने सगळी पानं उलटली. फुलपाखरं कुठायत, असं विचारलं. नुकतीच उडालीत, असं सांगितलं. ती हसली नाही.
मग गॅलरीत गेली. मी मागोमाग जाऊन फवारणीचं सांगितलं. तिने चाळणी झालेली पानं एकेक उलटून पाहिली. मग म्हणाली की अळ्या तिने मुद्दाम ठेवल्या होत्या, त्यांचीच फुलपाखरं होतात म्हणून. फवारू नका असं जाताना तीनदा सांगितलं होतं, आणि मी तिन्ही वेळा हं म्हणालो होतो.
मी आत येऊन चहा टाकला. तेवढ्यात तिने हाक मारली. आवाज न करता या, लवकर या, असं म्हणत होती. तिचा असा आवाज फार वर्षांनी ऐकला. दारातून पाहिलं तर ते वाळकं पान उकललं होतं आणि काठीला धरून एक काळं-पिवळं, ओले पंख वाळवत होतं. ती समोर जमिनीवर बसली होती. शेजारी एका माणसापुरती जागा होती. थांब, कॅमेरा आणतो, म्हटलं. नुसतं बघा ना, असं ती म्हणाली. मी हं म्हटलं.
बॅटरी चार्जिंगला होती. ती घातली. लेन्स बदलली. पुस्तिकेत जवळचे फोटो कसे काढावेत याचं प्रकरण शोधलं, बावन्नाव्या पानावर. नीट वाचून काढलं.
परत आलो तेव्हा ती आणि फुलपाखरू, दोघंही नव्हती. बॅगा नव्हत्या, कुंडीही नव्हती. खाली गाडी वळताना दिसली. फरशीवर कुंडीचा गोल डाग राहिला होता.
त्याचा फोटो काढला. हलत नव्हता, उजेडही चांगला होता. पहिल्यांदाच सगळं फोकसमध्ये आलं.