तिसरी पिन

पौड
रविवार, २४ जानेवारी २०१०

प्रिय वाजिद,

सलाम आणि दुआ.

आज सकाळी धुकं होतं. नमाजाआधी अम्मींचं वजूचं पाणी तापवलं, तांदूळ निवडले, दुपारी त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळलं. त्यांचं जेवणखाण ठीक आहे. शाळेतले शिपाई कुशाबा काल शाळेच्या ऑफिसचे कागद देऊन गेले. इद्दतीत घराबाहेर पडता येत नाही, ती संपेपर्यंत थोडं काम घरी पाठवायला हेडमास्तर तयार झाले, हे बरं झालं. तू पाठवलेले पेरू मिळाले. गोड निघाले.

आज तू आला नाहीस. फोनवर अम्मींना काम आहे म्हणालास. रविवारी इम्पोर्टच्या ऑफिसात कसलं काम, असं मी म्हटलं, तर अम्मी माझ्यावरच चिडल्या. "त्याच्यावर कशापायी डाफरतीस? भावाचं समदं काम त्याच्याच डोक्यावर आलंय."

तू येतोस तेव्हा ओट्यावर बसतोस आणि मी दाराच्या आत असते. तुझे भाई गेल्यापासून मी तुझा चेहरा पाहिलेला नाही. काही गोष्टी दाराआडून विचारता येत नाहीत, आणि अम्मींसमोर तर नाहीच. म्हणून लिहिते आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. भूगावच्या ॲक्सिडेंटबद्दल माझ्या मनात काही नाही. तो ट्रकवाला आणि ते नशीब, तो विषय मी मिटवला आहे. हे पत्र तसं वाचू नकोस.

त्यांचा मोबाइल तू माझ्याकडे मागितलास. आधी म्हणालास, "भाभी, नंबर बंद करून टाकतो." मग म्हणालास, त्यातले पार्ट्यांचे नंबर हवेत. मागच्या वेळी अम्मीही तुझ्या बाजूने बोलल्या. "देऊन टाक की गं. त्या फोनचं काय लोणचं घालायचंय तुला?" मी म्हटलं, चार्जर सापडत नाही. ते खोटं होतं. मी तो फोन रोज चार्ज करते. ते झोपण्याआधी लावायचे त्याच प्लगला लावते. दुसरं काही कारण नाही.

पण तुला माहीत नसेल, किंवा माहीत असेल म्हणूनच तू फोन मागत असशील, की सरकारी साइटवर इम्पोर्टच्या मालाचं सेफ्टी सर्टिफिकेट त्यांच्या सहीने चढवलं की त्या फोनवर मेसेज येतो. माल कोणता, कागद स्वीकारला की नाही, आणि सही कोणाची. त्यांच्या हयातीत असे मेसेज जेवतानाही यायचे. आता परत येऊ लागले आहेत. पहिला आला तेव्हा मी तस्बीहचे मणी ओढत होते. स्क्रीनवर त्यांचं नाव होतं. क्षणभर मला वाटलं, ते ऑफिसात आहेत.

पहिला मेसेज उशिरा पोचला असेल अशी मी समजूत घातली. मग मिक्सरचा आला, मग इस्त्रीचा. गेल्या महिन्यात पाणी तापवायच्या रॉडचा आला.

हॉस्पिटलातून त्यांच्या चाव्या तूच आणल्यास. त्या जुडग्यात सही करायची ती निळी पेनड्राइव्हसारखी वस्तू असायची. कॉम्प्युटरला लावून पासवर्ड टाकला की त्यांची सही होते, ती. मी विचारलं तेव्हा म्हणालास, "ती फुटली, भाभी. आता तिचा काय उपयोग?" फुटलेल्या वस्तूने सही होते का, हे मी तुमच्या ऑफिसातल्या उत्कर्षाला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "ताई, माझं नाव घेऊ नका. नवीन सही निघायला वेळ लागतो, बंदरात माल अडकलाय, तोपर्यंत युनूसभाईंच्याच सहीने चाललंय. त्यांचे कागद कोणी परत पाठवत नाही."

मी तिचं नाव घेतलं आहे. तू तिला काही बोलणार नाहीस, एवढा विश्वास अजून आहे.

त्यांचे कागद का परत येत नव्हते ते तुलाही ठाऊक आहे. रॉडचा नमुना त्यांनी घरी आणला होता. वर्तमानपत्र पसरून त्यावर प्लग उघडला. मला बोलावून म्हणाले, "हे बघ. तिसरी पिन नुसती दाखवायला आहे. अर्थिंगची तार आत आलेलीच नाही. आणि सर्टिफिकेट पाठवलंय दुसऱ्याच मॉडेलचं." ते कागद त्यांनी चढवले नाहीत. त्यावरून तुमचं दोघांचं बोलणं झालं होतं. मी आतून ऐकलं होतं. तू म्हणालास, "भाई, एवढं कोण बघतंय?" त्यावर ते काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. ते नेहमी हळूच बोलायचे.

हे सगळं मी गिळलं असतं, वाजिद. घरचा किराणा तू भरतोस. अम्मींची औषधं तू आणतोस. इद्दत संपली की मी शाळेत जाईन, पण तोवर आम्हा दोघींना तुझ्याशिवाय कोण आहे? या पत्रानंतर तू ओट्यावर येशील की नाही, तेही मला माहीत नाही.

पण मागच्या रविवारी तू अम्मींसाठी रॉड आणलास. "थंडीत पहाटे वजूला गरम पाणी लागतं ना तुम्हाला," असं म्हणालास. अम्मी इतक्या खूश झाल्या, शेजारच्या सगुणाबाईंना दाखवून आल्या. "माजा वाजिद लई गुणाचा हाय." लोखंडी बादलीही काढून ठेवली.

तू गेल्यावर मी त्यांचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि प्लग उघडला. तिसऱ्या पिनेत तार नाही.

आठवडाभर माझ्या मनात एकच प्रश्न आहे. तुला माहीत होतं का? रात्री वाटतं, असेल. सकाळी वाटतं, शक्य नाही, स्वतःच्या आईच्या हाती कोणी असं देत नाही. म्हणजे तू बघितलंच नसणार. न बघता भाईंची सही केलीस, आणि त्यांच्या सहीवर विसंबून तोच रॉड आईला आणून दिलास.

मी काय केलं ते सांगते. सही देणाऱ्या कंपनीला त्यांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत रजिस्टरने पाठवली. कुशाबांनी परवा पोस्टात दिली. त्यांच्या नावाने आता काही दाखल होणार नाही. तुझ्या शेठना काय सांगायचं ते तू ठरव.

रॉड या पत्राबरोबरच कुशाबांच्या हाती देते आहे. प्लग उघडाच ठेवला आहे. नीट बघ. त्यानंतरही तुला खात्री वाटली तर तुझ्या नावाची सही काढ आणि ती कर. नाही वाटली, तर गोडाऊनमधला माल दुकानात जाऊ देऊ नकोस, आणि साइटवर कागद चुकीचे गेलेत हे तूच कळव. तू केलंस तर मला करावं लागणार नाही.

अम्मींना मी काही सांगितलेलं नाही. रॉड बिघडला, वाजिद बदलून आणील, एवढंच म्हटलं आहे. आता झोपल्या आहेत. पहाटे उठून रॉड कुठे आहे ते विचारतील, त्याआधी उठायला हवं. पातेलं भरून गॅसवर ठेवलं आहे. सकाळी फक्त काडी ओढायची.

त्यांचा फोन चार्जिंगला लावते.

तुझ्या भाईंची,
नाजनीन