ओणवं बसलं की थांबणारी कळ

बाबा, परवा मला दवाखान्यातून घरी सोडलं. ताप येऊन गेल्यावर छातीत कळ यायला लागली, आणि मी शहाणी गॅस समजून दोन दिवस ओवा चावत बसले. शेवटी विरारच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "आडवं पडल्यावर वाढतं आणि पुढे वाकल्यावर कमी होतं का?" मी हो म्हटलं आणि मला रडूच आलं. त्यांना वाटलं, दुखतंय.

हृदयाभोवती पातळ पिशवी असते, तिला सूज आली होती. गोळ्या घ्यायच्या आणि काही महिने दगदग करायची नाही, एवढंच. मी तुमचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, तसंच असेल तर पिशवीत पाणी साचून हृदयावर दाब आला असेल. इतक्या वर्षांनी नक्की कोण सांगणार.

मी कॉलेजात असतानाचं अजून डोळ्यांपुढे येतं. तुम्ही तापातून उठून आगाशीच्या वाडीत मोगऱ्याच्या वाफ्यात ओणवे बसलेले आहात. खुरपायला तण उरलेलं नाही, तरी खुरपताय. आई भाकरी घेऊन येते. "अहो, घरी चला, जरा आडवे व्हा." तुम्ही ऐकत नाही. ती पुटपुटत गेल्यावर मला म्हणता, "आडवं झालो की कळ येते गं. असं बसलो की थांबते. आईला सांगू नको, उगाच घाबरेल."

चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. आई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "मी हाताला धरून घरी आणलं असतं तर राहिले असते. कामानंच नेलं त्यांना." काल माझ्या पाठीशी उशी लावतानाही तेच म्हणाली. ते काम नव्हतं, दुखणं होतं, तुझा काही दोष नाही, एवढं सांगितलं असतं तर तिचा जीव हलका झाला असता. पण मग ती विचारणार, तुला कसं ठाऊक?

आजवर मी स्वतःला समजावत आले की मी तुमचा शब्द पाळला. खरं कारण वेगळं होतं. मी सांगितलं असतं आणि तुम्हाला दवाखान्यात ठेवलं असतं, तर बाजारात तुमच्या जागी फुलांची टोपली घेऊन मला बसावं लागलं असतं, आणि माझ्या कॉलेजच्या मुली तिथूनच बस पकडायच्या. त्यांच्यासमोर तसं बसायची मला लाज वाटत होती.

हे पत्र कुठे पोचणार नाही, म्हणून तर लिहवतंय. आई पलीकडच्या खोलीत तांदूळ निवडतेय. इतकी वर्षं ती दोष स्वतःवर घेतेय, आणि मी तिला घेऊ देतेय.