आपल्या गिरणीचं आजचं मोल

पोंभुर्णा,
मार्गशीर्ष (तारीख कॅलेंडरवर आहे, कॅलेंडर आतल्या खोलीत आहे, आणि तिथे घरधनीण शकुबाई दुपारची झोपली आहे. तिला उठवून तारीख पाहण्याइतकं हे पत्र महत्त्वाचं नाही.)

माझे भागीदार, मोठे भाऊ आणि उजव्या कानाने बहिरे बाबूभाई यांना, डाव्या कानाने बहिऱ्या नथ्थू गुरनुलेचा सलाम.

तब्येत कशी आहे? गुडघा वाकतो का? राजुऱ्याचं पाणी मानवलं का? मुन्ना, सूनबाई, नातवंडं मजेत असतील. मुन्नाच्या टायरच्या दुकानाची भरभराट होवो. (म्हणजे लोकांच्या गाड्या पंक्चर होवोत असं माझं म्हणणं नाही, पण व्हायच्याच असतील तर त्याच्या दुकानासमोर होवोत.) सुलतानाभाभी गेल्यावर तुम्ही इथून उठून मुलाकडे गेलात, ते बरंच केलंत असं मी सगळ्यांना सांगतो. आम्ही इकडे सुखरूप आहोत.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. मागच्या महिन्यात आपण फोनवर बोललो ते आठवा. अर्धा तास दोघंही "हां, हां" म्हणत राहिलो, आणि फोन ठेवल्यावर शकुबाईने "काय म्हणते बाबूभाई?" विचारलं तर मला एकही गोष्ट सांगता आली नाही. यात आपला दोष नाही. गिरणीत इंजिनाच्या त्या बाजूला तुम्ही उभे राहायचे, या बाजूला मी, आणि इतक्या वर्षांत त्याने आपला एकेक कान सारखा वाटून घेतला. भागीदारी असावी तर अशी.

तर बातमी त्याच गिरणीची आहे. उन्हाळ्यात इंजिन बंद पडलं ते पडलंच. आता धान घरोघर आलं आहे आणि गिरणीला कुलूप आहे. चंद्रपूरचा एक माणूस ती जागा दहा वर्षांच्या भाड्याने मागतो आहे. तिथे लग्नाचा लॉन करायचा, कारंजं बसवायचं आणि फाटकावर दोन हत्ती उभे करायचे, असा त्याचा विचार आहे. (हत्ती सिमेंटचे. मी विचारून घेतलं.) इंजिन आणि धान कांडायचा हालर भंगारवाला उचलणार. दुसरा मार्ग म्हणजे बँकेचं कर्ज काढून इंजिन दुरुस्त करायचं आणि गिरणी पुन्हा चालवायची. गिरणी निम्मी तुमची आहे, म्हणून जे काही ठरेल त्यावर तुमची सही लागेल.

माझी नात दिव्यानी तुम्हाला आठवत असेल. कोंड्याच्या ढिगावरून घसरायची आणि रात्रभर खाजवत रडायची, तीच. ती नागपूरहून व्यवस्थापन शिकून आली आहे आणि नोकरीचं पत्र येईपर्यंत आपल्या गिरणीवर हात साफ करते आहे. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "आबाजी, मनाले काय वाटते ते राहू द्या. आपण एनपीव्ही काढू." त्याला मराठीत निव्वळ वर्तमान मूल्य म्हणतात. ऐकायला भारी वाटतं, पण गोष्ट साधी आहे. आज हातात असलेले शंभर रुपये आणि पुढच्या वर्षी मिळणारे शंभर रुपये एक नव्हेत. आजचे शंभर बँकेत ठेवले तर पुढच्या वर्षी त्याला पिल्लं होतात. म्हणून पुढच्या वर्षीचे शंभर आज मोजायचे तर थोडे कापून मोजायचे, त्याच्या पुढच्या वर्षीचे आणखी कापून, असं दहा वर्षं करत जायचं. सगळ्यांची बेरीज करायची, त्यातून आज घालावा लागणारा पैसा वजा करायचा. उरलं तर धंदा करावा, न उरलं तर गुपचूप घरी बसावं.

एवढं मला समजलं, कारण मी हुशार आहे. भांडण लागलं ते कापायचं किती यावर. दिव्यानी म्हणाली, बँक बारा टक्क्यांनी कर्ज देते, बारा धरू. शकुबाई म्हणाली, आमचा बचत गट महिन्याला शेकडा दोन घेतो, तर गिरणीचा पैसा गटाच्या पैशापेक्षा हलका काऊन धरायचा? आणि तेवढ्यात आपले मुखरूभाऊ आले. (शेजारचे मुखरूभाऊ तुम्हाला माहीत आहेत. कुठे हिशोब चालला आहे याचा वास त्यांना बांधावरून येतो.) त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मांडी बदलली आणि निकाल दिला, "आपल्या भागात दिढी चालते. आखाडात खंडीभर धान उचललं का धान निघाल्यावर दीड खंडी घालाचं. बापजाद्यापासून हाच दर हाये. बँक काल आली."

दिव्यानीने त्यांना समजवायला पाहिजे होतं, पण ती शिकलेली मुलगी, तिने त्यांचा दर मांडून पाहिला. ती म्हणाली, मुखरू आजोबा, दिढी सहा महिन्यांची असते, म्हणजे वर्षाचा दर सव्वाशे टक्के होतो. मुखरूभाऊंची छाती फुगली. "मंग तोच लाव," म्हणाले. लावला. बाबूभाई, काय सांगू, दहाव्या वर्षीचे शंभर रुपये आजचे तीन पैसे झाले! गिरणी बुडाली. लॉन बुडाला, हत्तींसकट. मग मुखरूभाऊंना चव लागली. त्यांनी स्वतःची म्हैस मांडायला लावली, म्हैस बुडाली. नातवाचं शिक्षण मांडलं, तेही बुडालं. शेवटी बांधावरचं सागवान मांडलं, जे त्यांनी म्हातारपणासाठी पोरासारखं वाढवलं आहे, तर त्याची आजची किंमत एका चहाइतकी निघाली. ते तडक उठून कुऱ्हाड शोधायला गेले. जंगल खात्याची परवानगी लागते म्हणून ती झाडं आज उभी आहेत. सरकारी कामाला उशीर लागतो याबद्दल मी पुन्हा कधी तक्रार करणार नाही.

शेवटी बारावर तोडगा निघाला. बारा टक्क्यांनी लॉन अधिकमध्ये आणि गिरणी उणेमध्ये. मी दिव्यानीला म्हटलं, तू काहीतरी विसरलीस. आपण इंजिन घेतलं त्याचा पैसा कुठे धरलास? ती म्हणाली, "गेलेला पैसा धरत नाई, आबाजी. फक्त पुढचं धरते." मी म्हटलं, आणि बाकीचं गेलेलं? ती म्हणाली, तेही नाही.

खरं सांगतो, मला राग आला. हा काय हिशोब झाला? आपण वडशाच्या व्यापाऱ्याकडून ते जुनं इंजिन आणलं, वाटेत हिवाळ्यातली अवकाळी सर आली, आणि तुम्ही उघड्या ट्रकमध्ये स्वतः भिजत छत्री इंजिनावर धरून बसलात, ते कुठे गेलं? पोंभुर्ण्याला उतरलात तेव्हा तुम्हाला ताप आणि इंजिन कोरडं ठणठणीत. भाभींनी आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. (इंजिनाशीही.) थंडीत इंजिन थंड ठेवणाऱ्या टाकीतल्या गरम पाण्यासाठी अर्धी वस्ती बादल्या घेऊन यायची आणि गिरणी धान कांडते की आंघोळी घालते हे समजायचं नाही, ते कुठे गेलं? पट्टा घसरायला लागला की तुम्ही राळ लावायचे, स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून, डोळे मिटून ऐकायचे, आणि बाया टोपल्या खाली ठेवून, डॉक्टरने नाडी धरल्यासारख्या तुमच्या तोंडाकडे पाहत राहायच्या. मला त्या दिवसांची फार आठवण येते, बाबूभाई. यातलं काही पुढे येणारं नाही, म्हणून कागदावर त्याला जागा नाही. नियम म्हणून मला मान्य आहे. माणूस म्हणून नाही.

तरी मी एक प्रयत्न केला. बँकेचे साहेब कर्जासाठी जागा पाहायला आले, त्या दिवशी इंजिन चालू करून दाखवायचं असं मी आणि मुखरूभाऊंनी ठरवलं. (दिव्यानीला विचारलं नाही. ती नाही म्हणाली असती.) तिच्या कागदावर शेवटी इंजिनाची भंगारकिंमत लिहिलेली होती, ती मला जिवाला लागली होती. साहेबांना आम्ही चांगल्या जागी, म्हणजे धुराच्या नळीसमोर, खुर्ची दिली. मी आणि मुखरूभाऊ हँडलला लटकलो. एकदा, दोनदा काही झालं नाही, मग हँडल उलटं फिरलं आणि मुखरूभाऊ कोंड्यात जाऊन बसले. आणि तेवढ्यात ते पेटलं! नळीतून आधी काळा धूर आला, मग उंदराचं एक आख्खं घर, काड्या-चिंध्यांसह, साहेबांच्या उघड्या फाइलवर. उंदीरमामा धूर दिसताच आधीच निघून गेले असावेत. पण टुक-टुक, टुक-टुक सुरू झालं, आणि मी साहेबांना विसरलो. मला डाव्या कानानेही ऐकू आलं असं वाटलं.

ते फार वेळ चाललं नाही. पट्टा उतरला, आत काहीतरी खाडकन वाजलं आणि सगळं थांबलं. पण बाहेर पाहतो तर बाया टोपल्या घेऊन धावत येत होत्या. रस्त्यावरची मोठी मिल पोत्यांनी धान घेते, टोपलीभर धानाला तिथे कोणी विचारत नाही, आणि स्वतःच्या धानाचा कोंडा, कणी परत मिळत नाही. त्यांनी रीतीप्रमाणे टोपल्या रांगेत लावल्या, आणि इंजिन बंद पाहून टोपल्या तिथेच ठेवून घरी गेल्या. साहेब फाइल झटकत म्हणाले, "मागणी दिसते आहे, यंत्र दिसत नाही." आणि गाडीत बसले.

दिव्यानी टोपल्या परत न्यायला सांगायला घरोघर गेली. कोणी नेल्या नाहीत. आपल्या गावात टोपली रांगेत लागली म्हणजे लागली. केसरबाई तर तिच्यावरच डाफरली, "काऊन नेऊ? इंजिन चालू झालं, मनजे बाबूभाई आला असन. त्याले सांग, माह्या टोपलीचा नंबर पयला हाये." तेव्हापासून मी रोज गिरणीत बसून त्या टोपल्यांवरून बकऱ्या हाकतो. वयाच्या मानाने बरं काम आहे.

असो. मी भावनेत वाहून जाणारा माणूस नाही. लॉनचा आकडा मोठा आहे, म्हणून लॉनच करावा. संमतीचा कागद सोबत जोडला आहे, दिव्यानीने फुली केली आहे तिथे सही करून पाठवून द्या. मी माझी केली आहे. सूनबाईंना आशीर्वाद, नातवंडांना पापा.

तुमचा,
नथ्थू

ता. क. सहीची घाई करू नका. लॉनवाला संक्रांतीपर्यंत थांबतो म्हणतो. शिवाय मी माझी सही पेन्सिलने केली आहे.

आणखी एक. गिरणी उणेमध्ये का जाते ते मी दिव्यानीला बसवून विचारलं. दुरुस्तीने जात नाही, कर्जानेही नाही. इंजिन सांभाळायला चंद्रपूरहून फिटर आणून ठेवावा लागेल, त्याच्या पगाराने जाते. मी म्हटलं, मग त्या ओळीत बाबूभाई लिही, भागीदाराला पगार कसला? ती म्हणाली, असं चालत नाही, त्यांच्या वेळेलाही किंमत आहे; इथे यायला ते तिकडचं जे सोडतील ते धरावं लागतं. म्हणून तिने मुन्नाला फोन करून विचारलं, की बाबूभाई दिवसभर काय करतात. मुन्ना म्हणाला, "अब्बा काई करत नाई. दुकानासमोर खुर्ची टाकून बसते, अन् ट्रक गेला का त्याच्या इंजिनात काय बिघाड हाये ते सांगते. ट्रक तं निघून गेला राह्यते." दिव्यानीने त्या ओळीत शून्य लिहिलं. शून्य लिहिताच गिरणी अधिकमध्ये आली, लॉनच्याही वर. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण बाबूभाई, तुमच्या नावापुढे ते शून्य पाहून मी शकुबाईसमोर खोकल्याचं सोंग केलं.

शेवटचं. तिच्या कागदात मी फक्त एक खर्च वाढवून घेतला, राजुऱ्याहून पोंभुर्ण्याचं तुमचं बसभाडं. जाऊन-येऊन धरू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, येण्याचंच धर.