बिशपस्वामी फक्त नागपूरला चालले आहेत

अमरावती, मंगळवार, १३ जानेवारी २०२६, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. दुकानात बारशाचा एक फ्लेक्स छापून निघतो आहे, तेवढ्या वेळात हे लिहितो.

तीर्थस्वरूप खुशालमामांना नितेशचा वाकून नमस्कार. (तीर्थरूप फक्त आईवडिलांना, मामांना तीर्थस्वरूप. विचारून घेतलं आहे.) तुमची कंबर कशी आहे? मामींचा खोकला? कापसाच्या जिनिंगमध्ये तोंडाला रुमाल बांधत जा. तुम्ही पोळ्यापासून माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे उत्तराची घाई नाही.

शेवटच्या फोनवर तुम्ही विचारलं होतं, "काहून रे, त्या पाद्र्यानं तुले कायच्या नादी लावलं?" मी घाबरून फोन ठेवला, ती माझी चूक. उत्तर असं की, वेलांटीच्या. बिशप इग्नेशियस निवृत्त आहेत, ब्याऐंशी वर्षांचे, मूळचे मंगळूरचे, मराठी व्याकरणाच्या पुस्तकातून शिकलेले. तीन वर्षांपूर्वी ते नाताळचा फ्लेक्स न्यायला आले आणि माझ्या 'हार्दीक'समोर (दुसरी वेलांटी, बारा फूट रुंद) शांतपणे उभे राहिले. म्हणाले, "शुभेच्छा पोहोचल्या. वेलांटी परत घ्या." तेव्हापासून दर गुरुवारी पाच वाजता शुद्धलेखन. मी दोनदा बारावी नापास, पण ते मला 'नितेशराव' म्हणतात. देवाचा विषय एकदाच निघाला, तोही मी 'आशीर्वाद' चुकवला म्हणून. बदल्यात मी त्यांना आपली बोली शिकवली. चर्चबाहेर भाजी विकणाऱ्या जाईबाईंनी त्यांच्या प्रवचनातलं 'परमेश्वर आपले अवलोकन करीत आहे' हे ऐकून मला विचारलं होतं, "अवलोकन म्हंजे तो काय करून राहिला, बाप्पा?" पुढच्या रविवारी बिशपस्वामी म्हणाले, "देव तुमच्याकडं पाहून राहिला." जाईबाईंनी तिथल्या तिथे पदर सारखा केला.

आता गुडघे चालत नाहीत, म्हणून ते सोमवारी नागपूरला, वृद्ध धर्मगुरूंच्या निवासात कायमचे राहायला चालले आहेत. रविवारी चार वाजता निरोपाचा कार्यक्रम आहे आणि त्यात मला पाच मिनिटं बोलायचं आहे. मी नऊ पानं लिहिली. शुद्धलेखनासाठी माझ्या भरवशाचा माणूस एकच, म्हणून ती त्यांनाच तपासायला दिली. पण मामा, आमच्या दुकानात थोर माणसावर मजकूर लिहायची वेळ एकाच प्रसंगी येते, त्यामुळे हाताला तेच वळण पडलं आहे. 'त्यांच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी' याच्या बाजूला लाल अक्षरात आलं, "मी फक्त नागपूरला चाललो आहे." 'पवित्र स्मृती'खाली, "फोन करत जा." 'महान', 'दैवी', 'युगपुरुष' या प्रत्येकासमोर, "हे तुम्ही कधी पाहिलंत?" नऊ पानांतून एकच वाक्य शाबूत राहिलं: 'ते माझं चुकलेलं सगळं वाचतात आणि तरीही पुढच्या गुरुवारी या म्हणतात.' त्यापुढे लिहिलं आहे, "बरोबर." एका वाक्यात पाच मिनिटं कशी काढायची, या काळजीने मला दोन दिवस जेवण गेलेलं नाही.

आपला आज्ञाधारक भाचा,
नितेश

ता. क. उद्याच्या संक्रांतीचा तिळगूळ सोबत आहे. आईने केला आहे, त्यामुळे खायला हरकत नसावी.

आणखी ता. क. दिवाळीनंतर आईच्या ऑपरेशनच्या वेळी अकोल्याच्या दवाखान्यात, बाकावर एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते. "नितेशला शिकवतो," एवढंच ते म्हणाले, आणि तुम्ही त्यांना टायपिंगचे मास्तर समजलात. तुम्ही त्यांना तुमच्या डब्यातली अर्धी भाकर दिलीत, दुपारभर कापसाची प्रत समजावलीत आणि नंतर आईला म्हणालात, "पोराले असा मास्तर भेटला, तं मंग त्या पाद्र्याची गरजच काय?" ब्याऐंशीव्या वर्षी ते त्या दिवशी अमरावतीहून मूर्तिजापूरपर्यंत एसटीत उभ्याने आले होते, मामा. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण माझी हिंमत झाली नाही. काल त्यांनी विचारलं, "खुशालराव रविवारी येतील ना? माझ्यावर त्यांचा राग नाही ना?" मी म्हटलं, "नाही." तीन वर्षांत मी त्यांच्याशी एवढं एकच खोटं बोललो आहे. चारच्या आत येऊन ते खरं करून द्या.